बाईंना विचारा: एफ.वाय.ला तीन विषय कोणते भरू?

प्रश्न: बाई, नमस्कार. मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. बारावी आर्ट्सला ७१ टक्के पडले. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेते आहे. फॉर्मवर ‘विषय १, विषय २, विषय ३’ अशा तीन रिकाम्या जागा आहेत आणि खाली ओई, एसईसी, आयकेएस, एईसी, व्हीईसी अशी बाराखडी आहे. ऑफिसातल्या सरांना विचारलं तर म्हणाले, ‘सगळे भरतात तसं भर.’ मला एमपीएससी करायची आहे. नाशिकच्या एका क्लासचे सर म्हणतात, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल डोळे झाकून घे. मला मराठी मनापासून आवडतं, पण दादा म्हणतो, मराठी घेऊन काय घरीच बसणार का? अर्थशास्त्राची भीती वाटते. कॉलेजने दिलेल्या पत्रकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. काय भरू?

उत्तर: फॉर्मची मुदत गाठायची म्हणून तुला दोन ओळींचं उत्तर आधीच पाठवलं होतं. पण जून उजाडला की हाच प्रश्न मला दहा जणांकडून येतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी माझा एक दोष सांगून टाकते. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे इतिहासाबद्दल बोलताना माझा काटा एका बाजूला झुकलेला असतो. १९७६ साली मी स्वतः एफ.वाय.ला गेले तेव्हा अर्थशास्त्र घेतलं होतं. कारण काय, तर थोरल्या भावाची अर्थशास्त्राची पुस्तकं माळ्यावर पडलेली होती आणि वडील म्हणाले, नवी कशाला घ्यायची? तेव्हा विषय कसे निवडले जातात हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाची मैत्रीण जिकडे, कुणाचं जुनं पुस्तक जिकडे, तिकडे.

आता तुझं पत्रक. तू पाठवलेल्या झेरॉक्सवर पहिल्या सत्राची बेरीज बावीस क्रेडिट आहे. (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं माप.) तीन विषय प्रत्येकी चार क्रेडिटचे, म्हणजे बारा. उरलेली दहा पाच छोट्या विषयांची, प्रत्येकी दोन. दुसऱ्या सत्रात आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) जातं, त्याच्या जागी सीसी, म्हणजे खेळ-एनएसएससारखे सहउपक्रम येतात, बाकी तेच. वर्षाची चव्वेचाळीस. नवीन शैक्षणिक धोरणाची ही मांडणी राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. सगळीकडे ती हुबेहूब अशीच आहे असं समजू नकोस. काही विद्यापीठांत पहिल्या दिवसापासूनच मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरवून घेतात. नाशिकरोडच्या मावसबहिणीचं किंवा मुंबईच्या आत्येभावाचं पत्रक बघून फॉर्म भरायचा नाही, स्वतःच्याच कॉलेजचं बघायचं.

तुझ्या पत्रकावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती तू वाचलीस का? दुसऱ्या वर्षी या तिनांतला एक विषय मेजर होणार, एक मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय होणार आणि एक सुटणार. सगळी मेख तिथे आहे. आमच्या वेळी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, पोरं एकमेकांना विचारायची, ‘स्पेशल काय घेतलंस?’ जी-१, जी-२ (जनरल), एस-३, एस-४ (स्पेशल) ही भाषा तुझ्या शिक्षकांच्या तोंडी अजून येईल. त्या ‘स्पेशल’च्या जागी आता ‘मेजर’ आलं आहे. पदवीवर जो विषय लागतो, एम.ए.ला ज्याच्या जोरावर जायचं, तो हा. म्हणून आज तीन विषय भरताना मनात प्रश्न असा ठेव: यातला कोणताही एक पुढच्या वर्षी माझा मेजर झाला तर मला चालेल का? ज्याच्याबद्दल उत्तर ‘अजिबात नाही’ असं येईल, तो विषय भरूच नकोस. सुटणारा एक विषय आहे म्हणून काहीतरी ठोकून द्यायचं, असं बरेच जण करतात. मग दुसऱ्या वर्षी कळतं की आवडलेल्या विषयाचं मेजर कॉलेजात नाहीच.

हो, असं होतं. यादीत आठ विषय छापलेले असतात, पण त्यातले तिसऱ्या वर्षापर्यंत जाणारे चार किंवा पाच. बाकीचे मायनरपुरते. एखाद्या विषयाचे सर निवृत्त झालेले असतात, जागा भरलेली नसते, आणि तासिका तत्त्वावर येणारे नवे सर ऑगस्ट संपताना रुजू होतात. हे तुला माहितीपत्रकात सापडणार नाही. त्यासाठी वेळापत्रक बघायचं. कॉलेजात जा, नोटीस बोर्डावर गेल्या वर्षीचं एस.वाय. आणि टी.वाय.चं वेळापत्रक अजून लटकत असेल, त्याचा मोबाइलवर फोटो काढ. तुला हव्या त्या विषयाचे तास टी.वाय.ला दिसतात का, ते तपास. आणि ऑफिसात विचारण्याऐवजी टी.वाय.च्या एखाद्या मुलीला गाठून विचार, ‘तास होतात का?’ ती चहा संपायच्या आत सगळं सांगेल. अठरा-एकोणीस वर्षं मी प्रवेश समितीत बसले, पण मुलींना खरी माहिती आमच्यापेक्षा पार्किंगच्या झाडाखाली मिळायची.

आता एमपीएससीचं. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे गोल काळे करायचे दिवस गेले, आता लिहावं लागतं. एकूण नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजीचे दोन फक्त पात्रतेचे. गुण धरले जातात ते निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे सात पेपरांचे. प्रत्येकी अडीचशे, एकूण १७५०. वैकल्पिक विषयाच्या यादीत इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आहेतच, पण मराठी साहित्यही आहे. दादाला हे दाखव. आणि एक अख्खा पेपर निबंधाचा आहे हेही दाखव. तीन वर्षं मराठी नीट वाचून लिहिलेल्या मुलीला तिथे काय मिळतं, ते त्याला आपोआप कळेल.

क्लासच्या सरांचं म्हणणं अगदी चूक नाही. पण त्यांच्या सोयीचं आहे. ज्या तीन विषयांच्या नोट्स त्यांच्याकडे तयार आहेत, तेच ते सांगणार. माझा हिशेब निराळा आहे. राज्यघटना, आधुनिक भारताचा इतिहास हे तुला सामान्य अध्ययनासाठी तसंही वाचावंच लागणार आहे, आणि ते एकटीने वाचून समजण्यासारखं आहे. (इतिहासाच्या बाईंनी हे लिहिलंय, कुठे सांगू नकोस.) अर्थशास्त्राचं तसं नाही. तिथे सुरुवातीला कुणीतरी फळ्यावर आकृती काढून समजावलं नाही, तर पुढे माणूस पाठांतराला लागतो आणि तिथेच अडकतो.

तुला अर्थशास्त्राची भीती वाटते म्हणतेस. पण पत्रात तूच लिहिलं आहेस की घरी कांदा आहे. मग डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा तुमच्या कांदाचाळीत काय चाललं होतं आठव. त्याआधी ऑगस्टात चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं होतं. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलं आणि वर किमान निर्यातमूल्य आलं. सप्टेंबरात ते मूल्य काढलं आणि शुल्क वीस टक्क्यांवर आणलं. पूर्ण शुल्क गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. या प्रत्येक वेळी लासलगावला भाव कसा हलला आणि वडिलांनी माल ठेवायचा की काढायचा हे कसं ठरवलं, हे तू जेवताना ऐकलेलं आहेस. मागणी-पुरवठ्याचं प्रकरण एफ.वाय.च्या पुस्तकात जेवढं असतं, त्यातलं निम्मं तुझ्या घरात घडून गेलं आहे. तुझी भीती विषयाची नसून अकरावीत तो ज्या पद्धतीने शिकवला गेला त्याची आहे, असा मला संशय आहे.

म्हणून माझ्या मते: मराठी, अर्थशास्त्र, आणि तिसरा भूगोल किंवा राज्यशास्त्र. भूगोलाकडे माझा ओढा आहे, पण एक अट. भूगोलाला प्रात्यक्षिक असतं. तासिकेच्या एका क्रेडिटला सत्रात पंधरा तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस. सगळं तासिकांचंच असेल तर बावीस क्रेडिट म्हणजे पंधरा आठवड्यांत आठवड्याला बावीस तास, रोजचे चार तासही नाहीत. भूगोलाची दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाची असतील तर आठवड्याला दोन तास वाढतील, आणि ती बॅच बहुतेक दुपारी असते. तू लिहितेस की दुपारी साडेबाराची एसटी चुकली तर थेट सव्वाचारची. मग प्रात्यक्षिक कोणत्या वारी, किती वाजता, हे आधी विचार. आठवड्यातून एक दिवस सव्वाचारची गाडी चालत असेल तर भूगोल घे. नकाशा वाचता येणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, आणि तहसीलदार व्हायचं म्हणतेस तर गावनकाशा उलटा धरून कसं चालेल? दिवस जमत नसेल तर राज्यशास्त्र भर आणि खंत करू नकोस.

एवढं करूनही चुकलीस, तर प्रवेशानंतर पहिले काही दिवस विषय बदलून मिळतो. साधा अर्ज करावा लागतो. मुदत नोटीस बोर्डावर लागते, पण कुणी ओरडून सांगत नाही.

छोट्या विषयांकडे येते. हे वाचायचा तुला कंटाळा येईल, पण मुलं अडकतात ती इथेच. दोन-दोन क्रेडिटचे म्हणून त्यांना कुणी मोजत नाही, पण बावीसपैकी दहा क्रेडिट तिथे आहेत. जुन्या पॅटर्नमधली गोष्ट सांगते. एस.वाय.ला पर्यावरणाचा एक सक्तीचा पेपर असायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्याचा प्रकल्पच दिला नाही. टी.वाय.ला तो वर्गात दुसरा आला. बँकेत निवड झाली, कागदपत्रं मागितली, आणि पदवीचं प्रमाणपत्र निघेना. एका कार्डशीटच्या फायलीपायी त्याची आई माझ्या दारात येऊन रडली. आता तर सगळाच हिशेब क्रेडिटचा आहे, एकही गळलं की पुढे ते भरून काढावंच लागतं.

ओई म्हणजे खुला वैकल्पिक विषय. तो तुझ्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, म्हणजे तुला वाणिज्य किंवा विज्ञानाच्या बाजूचा. कॉमर्सचं बँकव्यवहार, हिशेब, करांची तोंडओळख असं काही दिसलं तर ते उचल. मैत्रिणी जिथे जातील तिथे जाऊ नकोस, एवढंच. एसईसी हा कौशल्याचा विषय, बहुतेक वेळा तिनांतल्याच एका विषयाला जोडलेला असतो. मराठीला जोडून मुद्रितशोधन किंवा लेखनाचं काही असेल तर डोळे झाकून घे. इथे मात्र डोळे झाकायला माझी हरकत नाही. एईसी म्हणजे भाषा. दोन वर्षांत मिळून चार क्रेडिट इंग्रजीची, चार भारतीय भाषेची. इंग्रजीचा तास बुडवू नकोस, एमपीएससीचा पात्रतेचा पेपर तिथेच निम्मा तयार होतो. व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असं येतं आणि आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. त्यात निवडीला वाव कमी, हजेरी आणि फाईल वेळेवर द्यायची, विषय संपला. सीसीसाठी एनएसएस, खेळ, एनसीसी, योग यातलं कॉलेजात जे खरोखर चालतं ते.

फॉर्म भरून झाला की त्याचा फोटो काढून ठेव. ‘मी तर मराठी भरलं होतं’ असं जुलैत सांगायला येणाऱ्या मुली दर वर्षी दोन-तीन असायच्याच.

प्रश्न: बाई, मी पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे ग्राउंड, दुपारी लेखीचा अभ्यास. घरचे म्हणतात, बी.ए.ला नाव घालून ठेव. भरती झालो तर कॉलेज सुटणारच. मग वर्ष फुकट जाणार ना? आणि असा हलका विषय कोणता, की तास नाही केले तरी चालेल? (एक तरुण, श्रीगोंदा)

उत्तर: तुझा दुसरा प्रश्न वाचून हसले. हलका विषय शोधत आलेली मुलं मी आयुष्यभर पाहिली. त्यांना मी वर्गात बसवून ठेवायचे.

पहिला प्रश्न मात्र खरा आहे. नव्या पद्धतीत पहिलं वर्ष पूर्ण करून, म्हणजे दोन्ही सत्रांची क्रेडिट मिळवून, बाहेर पडता येतं. त्यावर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की एक वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. पण सत्र अर्ध्यात सोडलंस, परीक्षा दिली नाहीस, तर त्या सत्राचं हाती काही लागत नाही. ‘नाव घालून ठेवणं’ म्हणजे फी भरणं एवढंच होईल.

तुझी भरती कधी निघेल हे ना तुझ्या हातात, ना माझ्या. तोवर सोळाशे मीटर आणि गोळाफेक पहाटेच होणार, कॉलेज त्यानंतर आहे. तेव्हा सकाळचं कॉलेज जमत असेल तर दोन सत्रं नेटाने कर. विषय असे घे की लेखी परीक्षेचा अभ्यास वेगळा करावा लागणार नाही: राज्यशास्त्र, इतिहास, मराठी. मघाशी त्या सिन्नरच्या मुलीला मी याच्या बरोबर उलटं सांगितलं, ते वाचून गोंधळू नकोस. तिच्याकडे तीन वर्षं आहेत, तुझ्याकडे कदाचित आठ महिने. मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान तुझ्या शंभर गुणांच्या पेपरात आहे, ते वर्गात ऐकलंस तर तेवढंच पाठांतर कमी.

आणि ग्राउंडमुळे रेग्युलर कॉलेज अजिबात जमत नसेल, तर सरळ मुक्त विद्यापीठाचा विचार कर. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना बी.ए. करू देत आलं आहे. वर्दीतले कितीतरी जण तिथून पदवीधर झाले. त्यात काही कमीपणा नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. मिळवलेली क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्या क्रेडिट बँकेसाठी ‘अपार’ आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लागतो, आणि आधारवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळायला हवं. तुझ्या पत्राखाली तुझं नाव एका पद्धतीने आहे आणि पाकिटावर दुसऱ्या. आधारवर कोणतं आहे?

प्रश्न: मी ४७ वर्षांची आहे. बारावी १९९६ साली झाले, मग लग्न. यंदा धाकटी मुलगी एफ.वाय.ला चालली आहे. म्हटलं, आपणही जावं. वय आड येईल का? दोघींनी सारखेच विषय घेतले तर अभ्यास सोपा पडेल का? मुलगी आत्तापासूनच म्हणते, माझ्या वर्गात बसायचं नाही. (एक गृहिणी, कोपरगाव)

उत्तर: बी.ए.ला वयाची वरची अट नाही. मधल्या वर्षांबद्दल कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागेल, तहसील कचेरीजवळचा कुठलाही टंकलेखक ते करून देतो. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखलाही जवळ असू द्या.

मुलीचं ऐका. अठराव्या वर्षी आई मागच्या बाकावर असणं ही शिक्षाच आहे हो. तिन्ही विषय सारखे घेऊ नका. एकच विषय सामाईक ठेवा, उरलेले दोन तुमचे तुम्ही. तुम्ही अठ्ठावीस वर्षं घर चालवलं, महिला बचत गटाचा हिशेब ठेवता असं लिहिलंय, तर अर्थशास्त्र तुमच्यासाठीच आहे. मुलीला ते नको असेल तर उत्तमच. सामाईक विषयाला तुकड्या दोन असतील तर वेगळी तुकडी मागा, प्राचार्यांना हे कारण सांगितलंत तर तेही हसून देतील.

सामाईक विषयाचं पुस्तक मात्र एकच घ्याल, हे मला माहीत आहे. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री ते कुणाकडे राहणार, हे आत्ताच ठरवून टाका.